मदत हवी आहे: घरामागे टर्फचं (कृत्रिम गवताचं) कोर्ट करायचंय, खाली पाया काय घालू?

मंडळी, घरामागची जागा कित्येक वर्षं नुसती पडून आहे, १५ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, अर्धं गवत अर्धा चिखल. पोरं मागे लागलीयत की तिथे टर्फ टाका. थोरल्याला फुटबॉल हवाय, धाकटीला बॅडमिंटन, बायको म्हणते पिकलबॉल (छोट्या कोर्टावरचा टेनिससारखा खेळ), आणि मी मनातल्या मनात क्रिकेटचं नेट कधीच लावून मोकळा झालोय.

दोन ठेकेदार येऊन गेले. पहिला म्हणतो गवत खरवडू, दोन इंच वाळू पसरू, वर ४० मिलीमीटर पात्याचं टर्फ अंथरू, दोन दिवसांत काम खलास. दुसरा म्हणतो आधी सगळी स्लॅब ओता, त्याशिवाय मी हात लावणार नाही. दोघं इतके ठाम की मी दोघांसमोरही मान डोलावली. तर यातलं बरोबर कोण, पावसाचं पाणी जाणार कुठे, आणि चारही खेळ एकाच टर्फवर होतील का, हे कुणी स्वतः केलेलं असेल तर सांगा ना प्लीज.

प्रतिसाद:
वाळूवाल्याला लांबूनच नमस्कार करा. मी हेच करून बसलोय. पहिल्या महिन्यात झकास दिसतं हो, मग पाऊस पडला की खालची वाळू सरकते आणि जिथे जास्त पळापळ तिथे खळगे पडतात. आमच्याकडे गोलपोस्टसमोर परातीएवढा खड्डा झाला, टर्फ ताणलं जाऊन जोड उसवला, शेवटी सगळं उचलून पहिल्यापासून केलं. टर्फ म्हणजे वरची चादर, गादी खाली असते.

वरची माती १५-२० सेंमी काढायची, सगळी, मुळांसकट. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी झिरपू देणारं जाड कापड), म्हणजे खडी मातीत रुतत नाही. मग १०-१५ सेंमी खडी, पण एकदम ओतायची नाही, थर टाकायचा, प्लेट कॉम्पॅक्टर (खडी दाबून बसवायचं मशीन) फिरवायचा, मग पुढचा थर. सगळ्यात वर २-३ सेंमी बारीक कच, तीही दाबून. नंतर ३ मीटरची सरळ पट्टी सगळीकडे ठेवून बघा, खाली बोट जात असेल तर तिथे परत काम. हे कंटाळवाणं आहे पण ठेकेदार पळवाट काढतात ती इथेच, म्हणून त्या दिवशी ऑफिसला दांडी मारा.

उतार घरापासून लांब, साधारण १ टक्का, म्हणजे तुमच्या ८ मीटर रुंदीत ८ सेंमी. खेळताना कळतही नाही. १५ सेंमी थर धरला तर दाबल्यावरची खडी १८ घनमीटर भरते, मागवायची त्याहून जास्त कारण ती बसते. आणि तेवढी खडी घेऊन गाडी मागपर्यंत येते का ते आधी बघा, आमची फाटकात अडकली होती.

स्लॅब चूक नाही, पण टर्फच्या पाठीला जी पाणी जायची भोकं असतात त्यांचा फायदा जातो, पाणी फक्त उतारावरूनच जाणार. शिवाय गुडघ्यांसाठी टर्फखाली शॉक पॅड (मऊ थर) घालावा लागेल.

प्रतिसाद:
वरचं सगळं बरोबर, पण दादा, आधी खेळ ठरवा. ४० मिलीचं लांब पातं फुटबॉलसाठी ठीक, त्यात वाळू आणि रबरचे दाणे भरतात. टप्प्याच्या खेळांना आखूड दाट पातं लागतं, १०-२० मिली, वाळू भरलेलं, आणि त्यावरही पिकलबॉलचा चेंडू फार उसळत नाही, वहिनींना आत्ताच सांगून ठेवा. बॅडमिंटनची गंमत म्हणजे शटल जमिनीवर टेकलं की पॉइंट संपलाच, त्यामुळे टर्फ चालतं, तिथे शत्रू वारा. पण मापं बघा, कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटर, तुमच्याकडे मागे ८०-८० सेंमीच उरतात. कोर्ट मावतंय, माणूस मावत नाही. क्रिकेटची खेळपट्टीच २०.१२ मीटर, तेव्हा अंडरआर्मवर समाधान माना :)

प्रतिसाद:
कोणी उन्हाबद्दल बोललं नाही. भर दुपारी टर्फ खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं, अनवाणी पाय ठेवत नाही. पाणी मारलं की गार होतं पण थोडाच वेळ. काळं रबर टाळून नुसती धुतलेली सिलिका वाळू भरली तर जरा बरं. आणि कोर्टाकडे तोंड करून मोठ्या काचेच्या खिडक्या आहेत का? उष्णता परतवणाऱ्या काचेवरून आलेल्या उन्हाने टर्फ चक्क वितळतं, आमच्याकडे इस्त्रीने जाळल्यासारखा पट्टा उठला आणि आम्ही आठवडाभर पोरांवर संशय घेत होतो.

धागाकर्ता:
सगळ्यांचे खूप आभार, वाळूवाल्याला नाही म्हणून कळवलं. काल एक हातभर खड्डा खणून पाण्याने भरून ठेवला, आज सकाळी बघतो तर अर्धं पाणी तसंच! म्हणजे चिकण मातीच ना? घरातली मीटिंगही झाली. आखूड पातं, सिंगल्स बॅडमिंटन आणि पोरांचा छोटा फुटबॉल. पिकलबॉलवर मतदान झालं नाही, मला तेवढी हिंमत नाही.

पहिला प्रतिसादवाला परत:
हो, चिकण माती. नुसत्या खडीवर भागणार नाही, ती पाण्याची टाकी होऊन बसेल. खालच्या कडेला चर खणून भोकांचा पाइप टाका, त्याला कापड गुंडाळा, आणि पाणी जिथे सोडायचं तिथपर्यंत सलग उतार द्या, शेजाऱ्याच्या अंगणात नको. नेटच्या खांबांचे स्लीव्ह (खांब खोचायच्या नळ्या) आणि दिव्यांच्या वायरचा पाइप खडीच्या आधीच गाडून घ्या, नंतर टर्फ कापायची वेळ येते. रोल ४ मीटर रुंद मिळाले तर लांबीत एकच जोड येईल, नेमका मधोमध. दोन्ही रोलचं पातं एकाच दिशेला हवं, नाहीतर दोन रंग दिसतात.

धागाकर्ता:
स्लीव्हचं डोक्यातच नव्हतं! चर शनिवारी खणतोय. त्या जागी जुन्या झाडाचं बुंधं आहे, ते मुळापासून काढू का वरून कापलं तरी चालेल?

प्रतिसाद:
मुळापासून. कुजलं की तिथेच खचणार.