सल्ला हवा: आयसीयूतल्या थकलेल्या स्टाफसाठी आर्ट थेरपी (सोलापूर)

रातपाळी_सोलापूर:
नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी आयसीयूची इनचार्ज सिस्टर आहे. सिस्टर, ब्रदर, मावशी, वॉर्डबॉय धरून २२ जण. वर्षभरात ५ जण सोडून गेले. जे आहेत ते कामात चुकत नाहीत, पण आतून कोरडे पडलेत. मागच्या महिन्यात तीन आठवडे आमच्याकडे असलेला पेशंट गेला. ज्या मुलीनं त्याचं सगळं केलं होतं, ती रडली नाही, बोलली नाही. "बेड नंबर चार कधी भरायचा?" एवढंच विचारलं. मला घरी जाऊनही झोप लागली नाही.

परवा रात्री दोनच्या सुमारास तीच मुलगी ग्लोव्ह्जच्या रिकाम्या खोक्यावर पेनानं वेलबुट्टी काढत बसली होती. पान संपलं की परत देठ, परत पान. किती दिवसांनी तिचा चेहरा सैल दिसला! तेव्हापासून आर्ट थेरपीचं डोक्यात आहे. मॅनेजमेंट म्हणतं, परिचारिका दिनाला रांगोळी स्पर्धा घेऊ. मला ते पटत नाही. कुणी केलंय का? सुरुवात कशी करू?

समुपदेशक_सातरस्ता:
ताई, स्पर्धेला तुम्ही नाही म्हणालात ते योग्यच. नंबर काढायला परीक्षक आले की हात आखडतो.

आधी एक फरक लक्षात घ्या. आर्ट थेरपी म्हणजे प्रशिक्षित थेरपिस्टबरोबर केलेलं काम. चित्रातून जे वर येतं ते सांभाळायला तो माणूस लागतो. तुम्ही वॉर्डात कराल तो कलेचा निवांत तास. त्याचाही उपयोग होतोच. २०१६ साली अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ प्रौढांना ४५ मिनिटं रंग, माती, कोलाज यांपैकी हवं ते करू दिलं. लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाशी जोडलेलं संप्रेरक) आधी आणि नंतर मोजलं, तर सुमारे ७५ टक्के लोकांचं उतरलेलं निघालं. चित्रकला येणाऱ्या-न येणाऱ्यांत म्हणावा असा फरक नव्हता. अभ्यास लहान आहे, त्यामुळे एवढ्यावर मोठी आश्वासनं देऊ नका.

मॅनेजमेंटला दाखवायला आणखी एक मुद्दा: जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणी साचलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. "बेड नंबर चार" यातलं दुसरं आहे. ती मुलगी निष्ठुर नाही हो.

मात्र कुणाची झोप, जेवण सुटलं असेल, जगणं नकोसं झाल्याचं बोलत असेल, तर रंगांवर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो.

ब्रदर_कॅज्युअल्टी:
मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आमच्याकडे असा कार्यक्रम ड्युटी संपल्यावर ठेवला होता. रात्रभर उभं राहून सकाळी आठनंतर कोण रंगवणार? आलो नाही म्हणून नावं लिहून घेतली. वर चित्रांचे फोटो ग्रुपवर टाकले. एका सिस्टरनं सगळा कागद काळा केला होता, तिला दिवसभर लोक विचारत राहिले. ती परत आलीच नाही. तास ड्युटीतच द्या, साहेब लोक खोलीत नकोत आणि फोटो तर अजिबात नको. सलग चार नाइट लागत असतील तर आधी तेवढं बदला.

पेठेतली_लेक:
वडील चादरीच्या कारखान्यात डिझाइनचा ग्राफ भरायचे. एकेक चौकोन ब्रशनं भरायचा, मग त्यावरून जॅकार्डचे (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राचे) पुठ्ठे पंच व्हायचे. मी लॅब टेक्निशियन. कोविडच्या लाटेत घरी आले की बोलवायचं नाही, तेव्हा त्यांनी गुपचूप एक ग्राफचा कागद पुढे सरकवला. "काही काढू नकोस. नुसते चौकोन भर." रोज एक ओळ. दोन महिन्यांनी त्यात मोर दिसायला लागला, मी ठरवला नव्हता.

कोरा कागद बघूनच ज्यांचा हात थांबतो त्यांना ग्राफ द्या. चौकोन दिसले की हात चालतो. ग्राफची वही शाळेच्या स्टेशनरीत मिळते, तेलखडू घ्या, पाण्याचं सांडलवंड नाही. शाडू मातीही चांगली, फक्त वॉर्डात परतण्याआधी हात नीट धुवायचे.

रातपाळी_सोलापूर:
सगळ्यांचे मनापासून आभार. ब्रदर, राग कसला, तुमचं वाचून मी बेतच बदलला. मेट्रनशी बोलले. दर बुधवारी दुपारी दोनला, दोन्ही पाळ्या हजर असतात तेव्हा, सहा-सहा जणांना पाऊण तास ड्युटीतच. सेमिनार रूम आतून बंद, फोन बाहेर, कागद ज्याचा त्याच्याकडे. नाइटच्या वेळापत्रकासाठी वेगळा अर्ज दिलाय, उत्तर यायचंय.

ताई, ग्राफच्या सहा वह्या आणल्या. त्या मुलीनं लगेच विचारलं, "एक आजच घरी नेऊ का?"