आयव्हर: गाथेतला आणि नोंदींतला
नवव्या शतकातला व्हायकिंग सरदार म्हणून सांगितला जाणारा आयव्हर द बोनलेस (म्हणजे ‘बिनहाडाचा’) ‘हे निव्वळ नॉर्स गाथाकारांच्या कल्पनेतले पात्र आहे’ असे काही जण म्हणतात; ते मला अर्धेच पटते. वडील रॅग्नार यांच्या वधाचा सूड म्हणून त्याने उत्तर इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रियाच्या एला राजाची पाठ चिरून बरगड्या उघडल्या, हा प्रसंग शतकांनंतरच्या गाथांमधला आहे. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या इंग्लंडच्या जुन्या वार्षिक नोंदींनुसार एला 867 साली यॉर्कच्या लढाईत मारला गेला, एवढेच. तिथे रॅग्नारचे नावही येत नाही.

मात्र आयर्लंडमधील अल्स्टरच्या वार्षिक नोंदी असे म्हणणारे विचारात घेत नाहीत. त्यांतला ‘ईमार’ म्हणजेच आयव्हर, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याने आणि ओलाफ या दुसऱ्या नॉर्स राजाने 870 साली स्कॉटलंडमधील क्लाइड नदीकाठच्या डम्बार्टनच्या खडकाळ किल्ल्याला चार महिने वेढा घालून तो घेतला आणि पुढच्या वर्षी दोनशे जहाजे व अँगल, ब्रिटन, पिक्ट या ब्रिटन बेटावरच्या लोकांचे असंख्य कैदी घेऊन ते डब्लिनला परतले. 873 साली त्याच्या मृत्यूची नोंद करताना त्याला ‘आयर्लंड आणि ब्रिटनमधील सर्व नॉर्समनांचा (व्हायकिंगांचा) राजा’ म्हटले आहे. गाथेतल्या बिनहाडाच्या पायांचा तिथे उल्लेखही नाही. दिसतो तो माणसांचा व्यापार करणारा दर्यावर्दी सत्ताधीश, आणि मला तो गाथेतल्या आयव्हरपेक्षा अधिक भयंकर वाटतो.