टिपरचा स्पीड गव्हर्नर ६० ऐवजी ५० लाच कापतोय, सेटिंग वाढवून घ्यावं का?

मिरज_टिपर

नमस्कार मंडळी. सहा चाकी टिपर आहे, २०१४ चं मॉडेल, साधा इनलाइन पंप, १०.०० आर २० टायर. सेकंडहँड घेतलेली गाडी. बाहेरून बसवलेला गव्हर्नर आहे, डिझेलच्या लाइनवर सोलेनॉइड (विजेवर उघड-बंद होणारी झडप) असलेला, ठरलेल्या वेगाला डिझेल कापणारा. प्लेटवर ६० लिहिलंय, सीलं शाबूत आहेत.

अडचण अशी की मीटरवर बरोबर ६० ला कापतो, पण फोनवरच्या जीपीएसला तेव्हा ५० ते ५१ दिसतं. रत्नागिरी–नागपूर महामार्गावर कवठेमहांकाळच्या बाजूला सपाटीला बघितलं, जाताना आणि येताना तेच. शिवाय कापताना गाडी धक्के देते, मागून कोणी ओढल्यासारखी.

पासिंग जवळ आलंय. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, ७० ला सेट करून घ्या म्हणजे खरे ६० मिळतील. तसं करावं का? ॲव्हरेज मात्र झकास आहे, गाडी भरून लिटरला ४ किलोमीटर पडतंय.

ऑटोइलेक्ट्रिक_कराड

७० ला सेट करू नका. दोन कारणं. पहिलं, डंपर-टिपरला नियमानं ६० चीच मर्यादा आहे आणि कागदावर, प्लेटवर ६० असताना गव्हर्नरच्या डब्यात ७० सापडलं तर फेरफार केला असाच अर्थ निघणार. दुसरं जास्त महत्त्वाचं: तुमच्या गव्हर्नरचं सेटिंग चुकलेलंच नाही. त्याला मिळणारी माहिती चुकते आहे.

गव्हर्नरला वेग कळत नाही. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला सेन्सर आहे, तो प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्याच्या) फेऱ्यांवर पल्स सोडतो. एका किलोमीटरला किती पल्स म्हणजे किती अंतर, हा आकडा डब्यात भरलेला असतो. बाकी सगळा भागाकार. मीटरही बहुतेक त्याच सेन्सरवर चालतो.

आता तुमच्याच माहितीतून बघा. मीटर आणि गव्हर्नर दोघंही ६० म्हणतात, जीपीएस ५० म्हणतो. म्हणजे दोघं सारखेच चुकलेत. मीटर बरोबर आणि गव्हर्नरच लवकर कापतो असं असतं तर डब्यातला आकडा चुकला म्हटलं असतं. दोघं एकत्र चुकतात तेव्हा दोष त्यांच्या आधीच्या भागात असतो: टायर, क्राऊन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधले, शाफ्टची फेरी चाकांना देणारे गिअर) किंवा सेन्सरचं चक्र. मीटर कंपनीतूनच थोडा जास्त दाखवतो हे खरं, पण ५० ला ६० इतका नाही. नुसत्या टायरच्या झिजेनंही इतका फरक पडत नाही. नव्या १०.०० आर २० ची नक्षी १५ मिमी धरली आणि ३ मिमीपर्यंत झिजली, तर व्यास २४ मिमीनं घटतो, म्हणजे साधारण सव्वादोन टक्के. तुमचा फरक त्याच्या कितीतरी पट आहे.

मागच्या मालकानं हौसिंग, म्हणजे ॲक्सलमधला तो क्राऊन-पिनियनचा संच, बदललंय का? खाणीत चालणाऱ्या गाड्यांना ओढ वाढावी म्हणून जुन्या बाजारातून ४१/७ (क्राऊनचे ४१ दात, पिनियनचे ७) च्या जागी ४१/६ बसवतात. गुणोत्तर ५.८५७ वरून ६.८३३ होतं. तेवढ्यानंच ६० चे ५१.४ होतात. तुमच्या आकड्याच्या अगदी शेजारी.

मिरज_टिपर

मागच्या मालकाचा फोन लागत नाही. हौसिंग न उघडता दात कळतील का?

ऑटोइलेक्ट्रिक_कराड

कळतात. जमीन सपाट आणि कडक हवी, गाडी रिकामी. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि ॲक्सलखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर सोडू नका. गाडी न्यूट्रल. टँकमध्ये हवा भरून हँडब्रेक सोडा. एअर ब्रेकच्या गाडीत हँडब्रेक मागच्याच चाकांवर स्प्रिंगनं बसतो, हवा नसेल तर चाक हलणारच नाही. म्हणूनच ठोकळ्यांचा इतका आग्रह: हँडब्रेक सोडल्यावर गाडी फक्त त्यांच्यावर उभी असते.

चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. उचललेलं चाक हातानं २० फेऱ्या फिरवा. दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असल्यामुळे क्राऊन निम्म्याच, म्हणजे १० फेऱ्या फिरतो. तेवढ्यात शाफ्टच्या किती फेऱ्या झाल्या ते दुसऱ्या माणसानं मोजायचं. ५८ आणि थोडं वर आलं तर ४१/७, ६८ आणि थोडं वर आलं तर ४१/६. एकाच फेरीवर अंदाज बांधू नका, गिअरच्या ढिलाईत चूक होते.

त्याच वेळी पल्सही मोजून घ्या. तीन तारांचा हॉल सेन्सर (चुंबकावर चालणारा) असेल तर एक सप्लाय, एक अर्थिंग, एक सिग्नल. कनेक्टर काढून मोजायला जाऊ नका, बऱ्याच सेन्सरना सिग्नलचा व्होल्टेज मीटरकडूनच मिळतो, काढल्यावर काहीच दिसत नाही. कनेक्टर जोडलेला ठेवून मागून पिन घाला, किल्ली ऑन करा, शाफ्ट हळू फिरवा. व्होल्टेज शून्यावरून वर किती वेळा जातो ते १० फेऱ्यांवर मोजून १० नं भागा. ८ ची शक्यता जास्त, पण गृहीत धरू नका. सेन्सर छोट्या स्पीडो गिअरवरून फिरत असेल तर आकडा पूर्णांक येत नाही.

पासिंग_पेठनाका

वरच्या माहितीत टायरचं मोजमाप जोडतो, कारण तिथं लोक पुस्तकातला आकडा टाकून मोकळे होतात.

मागच्या चाकाचाच घेर लागतो, पुढचे टायर कुठलेही असोत. टायर गार असताना कंपनीनं दिलेली हवा भरा, गाडीत नेहमीच्या मालाचं वजन ठेवा. टायर जिथं जमिनीला टेकतो तिथं टायरवर आणि रस्त्यावर खूण करा, सरळ रेषेत हळूहळू १० फेऱ्या पुढं न्या, टेपनं मोजा. साधारण ३१ ते ३२ मीटर भरतील. १० नं भागलं की एका फेरीचं अंतर. टायरला दोरी गुंडाळून मोजलेला घेर यापेक्षा जास्त येतो, तो चालत नाही. रेडियलला पोलादी पट्टा असल्यामुळे वजनानं फरक थोडाच पडतो. नायलॉन टायर असेल तर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीत चांगलाच जाणवतो.

जीपीएसबद्दल: खंबाटकी बोगद्याच्या आसपासचे आकडे धरूच नका, बोगद्यात सिग्नल जातो आणि बाहेर आल्यावर काही वेळ आकडा उड्या मारतो. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांवरही विसंबू नका, सहापदरीकरणात जागोजागी वळणरस्ते आहेत. सपाटीला टॉप गिअरमध्ये वेग अर्धा मिनिट स्थिर ठेवा, मग वाचा.

मिरज_टिपर

मोजलं. चाकाच्या २० फेऱ्यांना शाफ्टच्या ६८ आणि पुढं जवळपास एक तृतीयांश. टायरच्या १० फेऱ्यांना ३१.४० मीटर. शाफ्टच्या एका फेरीला पल्स ८. म्हणजे ४१/६ च निघालं. आता हिशेब कसा?

ऑटोइलेक्ट्रिक_कराड

सूत्र एकच: १००० भागिले एका फेरीचं अंतर, गुणिले हौसिंगचं गुणोत्तर, गुणिले पल्स.

डब्यात बहुधा मूळच्या गाडीचा आकडा आहे, नव्या टायरची फेरी ३.२० मीटर धरून: १००० ÷ ३.२० × ५.८५७ × ८ = सुमारे १४,६४०. तुमच्या गाडीचा आजचा: १००० ÷ ३.१४ × ६.८३३ × ८ = सुमारे १७,४१०. ६० × १४,६४० ÷ १७,४१० केलं की ५०.५ येतात. जीपीएसनं तुम्हाला हेच सांगितलं होतं.

ॲव्हरेजचा आनंदही इथंच विरतो. किलोमीटरचा काटाही १९ टक्के पुढं पळतोय. मीटरवरचे ४ म्हणजे खरे ३.३६. ऑइल बदलीही तितकीच लवकर होतेय, त्यानं नुकसान नाही.

आता तो आकडा डब्यात जाणार कसा, हे डब्यावर ठरतं. काहींत लॅपटॉप किंवा हातातल्या टूलनं किलोमीटरमागचे पल्स थेट भरतात. काहींत गाडी ठरावीक वेगानं, समजा ४० नं, चालवून बटण दाबतात आणि डबा तो वेग शिकतो. गोंधळ इथं होतो: ४० तुमच्या मीटरवर बघून बटण दाबलं तर जुनीच चूक नव्यानं पक्की होते. ४० जीपीएसवर बघा. त्याच वेळी सिग्नलच्या तारेवर मल्टिमीटर हर्ट्झवर लावा. खऱ्या ४० ला १९३ च्या आसपास दिसायला हवेत, खऱ्या ६० ला २९०. दिसले तर तुमचा हिशेब पक्का. मीटरही वेगळा कॅलिब्रेट करून घ्या, काहींच्या पाठीमागे छोटे स्विच असतात, काहींना टूल लागतं.

पासिंग_पेठनाका

एका ठिकाणी मतभेद. १७,४१० भरू नका. तो आजच्या झिजलेल्या टायरचा आकडा आहे. उद्या नवे टायर टाकले, घेर ३.२० झाला, की तोच गव्हर्नर ६१ च्या पुढं कापेल आणि पासिंगच्या मशीनवर तुम्ही वर निघाल. नव्या टायरचा आकडा भरा: १००० ÷ ३.२० × ६.८३३ × ८ = सुमारे १७,०८०. आजच्या टायरवर तो ५९ च्या जरा खाली कापेल. एक किलोमीटर कमी मिळाला तर मिळाला. चूक कमी बाजूलाच झालेली परवडते.

सीलं स्वतः तोडू नका. डब्यावर, सेन्सरच्या जोडावर सील असतं. ज्या कंपनीचा गव्हर्नर आहे तिच्या अधिकृत डीलरकडेच आकडा बदलून, नवं सील आणि नवं प्रमाणपत्र घ्या. वाहन पोर्टलवरचा डब्याचा क्रमांक आणि प्रत्यक्ष डब्यावरचा क्रमांक जुळतो का तेही तिथंच बघा. सेकंडहँड गाडीत हे न जुळणं नेहमीचंच, आणि पासिंग त्यावरून अडतं. गाडीला आठ वर्षं होऊन गेल्यामुळे तुमचं पासिंग आता दरवर्षी आहे, त्यामुळे हे एकदा सरळ करून ठेवलेलं बरं. डीलरकडे जाताना गुणोत्तर, घेर, पल्स असे तीन आकडे कागदावर लिहून न्या. नाहीतर तिथला माणूस गाडीचं मॉडेल बघून यादीतला आकडा भरतो आणि तुम्ही पुन्हा ५१ वर.

ऑटोइलेक्ट्रिक_कराड

नव्या टायरच्या आकड्याचं पटलं, १७,०८० च भरा.

डिझेलपंप_विटा

धक्क्यांबद्दल कोणी बोललं नाही. तो वेगळा आजार आहे, आकडा बदलून जाईलच असं नाही.

सोलेनॉइड लाइन पूर्ण बंद-चालू करत असेल तर थोडा हिसका येणारच. पण मागून ओढल्यासारखं होतं म्हणजे बहुतेक लाइन हवा खातेय. सोलेनॉइड बंद झाल्यावर पंपाच्या पोटातला दाब उतरतो आणि बँजो बोल्टच्या (डिझेलचा पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) तांब्याच्या वॉशरमधून हवा शिरते. झडप उघडल्यावर ती हवा निघेपर्यंत इंजिन गचके खातं. सोलेनॉइडच्या पुढं तात्पुरता पारदर्शक पाइप जोडा. कापल्यानंतर बुडबुडे दिसले तर सगळे तांब्याचे वॉशर नवे टाका, जुने तापवून पुन्हा बसवू नका, आणि हातपंपानं हवा काढा. सोलेनॉइडच्या तोंडाशी जाळी असेल तर तीही साफ करा. बुडबुडे नसतील तर सोलेनॉइडचा सप्लाय बघा. २४ व्होल्टच्या गाडीत अर्थिंग सैल असलं की झडप फडफडते. पावसाळ्यात सेन्सरच्या कनेक्टरमध्ये पाणी आणि माती जाऊनही पल्स तुटतात. तेव्हा मीटरचा काटाही थरथरतो, ती खूण लक्षात ठेवा.

दहाचाकी_सातारा

माझी गाडी बीएस-६ आहे, वेगळा डबाच नाही. तिलाही हेच लागू का?

ऑटोइलेक्ट्रिक_कराड

गणित तेच, जागा वेगळी. तुमच्याकडे मर्यादा इंजिनच्या ईसीएममध्येच (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्येच) असते. टायरच्या किलोमीटरमागच्या फेऱ्या आणि हौसिंगचं गुणोत्तर तिथंच भरलेलं असतं. बदल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच, त्यांच्या टूलनं होतो. दहा चाकीत हौसिंग बदलायची वेळ आली तर मागच्या दोन्ही ॲक्सलची सारख्याच गुणोत्तराची हवीत, नाहीतर गव्हर्नरच्या आधी क्राऊन जातील.

अशा गाडीला कोणी ॲक्सिलरेटरच्या तारेत बाहेरचा डबा बसवून देतो म्हणाला तर जपून. त्या पेडलला दोन ट्रॅक (वेगवेगळे सिग्नल) असतात, बऱ्याच गाड्यांत दुसऱ्याचा व्होल्टेज पहिल्याच्या निम्मा. ईसीएम दोन्ही सतत ताडून बघतो. डब्यानं एकच ट्रॅक खाली ओढला की हिशेब जुळत नाही, फॉल्ट कोड पडतो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे ताकद कापून रखडत चालते, तेही नेमकी भर चढाला.

मिरज_टिपर

डीलरची वेळ घेतली, तिन्ही आकडे लिहून ठेवलेत. वॉशर आधीच बदलतो. एक राहिलं: उतारावर ६० च्या वर गेलं तर गव्हर्नर काही करतो का?

पासिंग_पेठनाका

नाही. तो डिझेल कापतो, ब्रेक लावत नाही. खंबाटकी बोगद्यातून बाहेर पडून पुण्याकडे उतरताना भरलेली गाडी टॉप गिअरमध्ये ६० सहज ओलांडते आणि गव्हर्नर नुसता बघत बसतो. कॅमेऱ्यात वेग खराच पकडला जातो, दंडही तेवढाच. बोगद्यात असतानाच एक गिअर खाली घ्या, इंजिन ब्रेक असेल तर चालू करा, न्यूट्रल अजिबात नको. आणि कॅलिब्रेशन झाल्यावर ड्रायव्हरला सांगून ठेवा की आता काटा खरं दाखवणार. आजवर मीटरवरचे ६० म्हणजे खरे ५० होते, उतारावर त्याच काट्याच्या सवयीनं चालवलं तर गाडी दहानं जास्त पळेल.