विषय: शनिवारच्या आत ठरवायचंय. गाडी कोणती घेऊ, फोर्ड मस्टँग जीटी की डॉज चॅलेंजर आर/टी?

कँटनहून:
मंडळी, दोन्ही 2019 च्या, दोन्ही मॅन्युअल, किंमत जवळपास सारखी. मस्टँग 5.0 लिटर, 460 हॉर्सपॉवर. चॅलेंजरचं इंजिन 5.7 लिटर, डॉजचं ते ‘हेमी’, 375 हॉर्सपॉवर. मन मस्टँगवर आहे, पण अडलंय मागच्या सीटपाशी. आई-बाबा मेमध्ये येतायत आणि बाबांच्या गुडघ्यांचं तुम्हाला ठाऊकच आहे. कुणी मोठ्या माणसांना मागे बसवून लांब नेलंय का? शनिवारी डिपॉझिट द्यायचंय.

ट्रॉयहून:
अरे, चॅलेंजर घे. मागे पाय ठेवायला 33 इंच, मस्टँगमध्ये 29. गुडघा पुढच्या सीटला टेकतो की नाही, ते या चार इंचांवर ठरतं. डिकीही मोठी, 16 घनफूट. पेटी-तबला आरामात जातो. फक्त दार फार लांब आहे. दिवाळीला हॉलमागच्या पार्किंगमध्ये ते पुरतं उघडेना, हिला आधी बाहेरच उतरवावं लागलं.
– काका

नोव्हायहून:
काका, हॉलमागची रांग कलाकारांसाठी राखीव असते. प्रत्येक कार्यक्रमाआधी मी कळवते. कृपया तिथे गाडी लावू नका.
– हॉल व्यवस्था

फार्मिंग्टन हिल्सहून:
इंच मोजताय, वजनही बघा. चॅलेंजर सुमारे 4,200 पौंड, मस्टँग 3,700. गाड्यांच्या सस्पेन्शनवर (चाकांवर गाडी तोलणारे स्प्रिंग वगैरे) काम करण्यातच उभी नोकरी गेली माझी, वळणावर हे पाचशे पौंड हाताला जाणवतात. शिवाय मस्टँग आपल्या मिशिगनमध्येच, फ्लॅट रॉकला बनते. चॅलेंजर कॅनडात, ब्रॅम्पटनला बनायची, 2023 मध्ये बंद झाली. तरी हेमीच घेणार असशील तर इंजिन थंड असताना जा. हूड उघडून ऐक. टकटक येऊन गरम झाल्यावर थांबली, तर बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा) बोल्ट तुटलाय. थांबली नाही, तर लिफ्टर, म्हणजे इंजिनाच्या झडपा उचलणारा भाग, बिघडलेला असू शकतो, मग खर्च थेट तो हलवणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत फिर.

प्लिमथहून:
दोन्ही रिअर व्हील ड्राइव्ह आहेत, जोर फक्त मागच्या चाकांना, बर्फात घसरतात. स्नो टायरचे पैसे आत्ताच बाजूला काढ. आणि डिपॉझिटच्या आधी इन्शुरन्सचा कोट घे, आमच्या मुलाच्या वेळी तिथेच बेत मोडला.

कँटनहून:
आभार. शनिवारी सकाळी लवकर जातोय, इंजिन गरम करू नका असं त्यांना सांगितलंय. काका, बाबांच्या उंचीचे तुम्हीच. दोन्ही गाड्यांत मागे बसून बघाल का?

ट्रॉयहून:
येतो. सातला घ्यायला ये. आणि हॉल व्यवस्थेला: गाडी मागच्या रांगेत नव्हती, कुंपणाच्या बाजूला होती.
– काका