डॉर्ड्रेख्त बंदराचं जुनं तैलचित्र घ्यावं का? मदत हवी आहे

मंडळी, नेदरलँड्समध्ये राहतो. इथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात डॉर्ड्रेख्त बंदराचं तैलचित्र विकायला आहे. दुकानदार सतराव्या शतकातलं, थेट यान फान खोयेन या डच निसर्गचित्रकाराचं म्हणतोय. किंमत मात्र 750 युरो, तिथेच पाल चुकचुकली. अस्सल असतं तर इतक्यात कोण देईल?

चित्रात ग्रोटे केर्क या तिथल्या मोठ्या चर्चचा तो आखूड, चौकोनी बुरूज आहे (वरचा कळस कधी पुरा झालाच नाही, त्यामुळे गाव लगेच ओळखू येतं). खाली शिडाच्या होड्या आणि वर नुसतं आभाळ. करडं, भरून आलेलं, अगदी झकास! माझा जीव त्यातच अडकलाय.

आता शंका. कॅनव्हासच्या मागच्या चौकटीला कोपऱ्यांत लाकडी पाचरी आहेत. अशा चौकटी अठराव्या शतकात रूढ झाल्या, आणि फान खोयेन 1656 मध्येच वारला. जुन्या चित्राला मागून नवा कॅनव्हास लावताना चौकट बदलतात हे माहीत आहे, पण इथे तसा दुसरा थर दिसत नाही. शिवाय सहीचा रंग भेगांमध्ये उतरलाय, म्हणजे भेगा आधीच्या आणि सही नंतरची.

एकोणिसाव्या शतकातली नक्कल म्हणून ही किंमत रास्त आहे का? दुकानदाराकडून लेखी काय घ्यावं? आणि हेगच्या आरकेडीचा (डच कला-इतिहास संस्थेचा) ऑनलाइन चित्रसंग्रह कुणी वापरलाय का? मूळ चित्र तिथे नेमकं कसं शोधायचं? शनिवारपर्यंत त्याला सांगायचंय.