मदत हवी आहे: खांद्याचं फाटलेलं टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) शिवलं तर पुढे किती वर्षं टिकतं?

आईचं वय ६१, उजवा खांदा. एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटस (हात वर उचलणारा खांद्याचा एक स्नायू) टेंडन आरपार फाटलेलं, फट अडीच सेंटिमीटर, गुटालिए ग्रेड (स्नायूत किती चरबी भरली याचं माप) १. पडल्याचं निमित्त नाही, हळूहळू झालंय. तीन महिने फिजिओथेरपी केली. हात वर जातो, पण रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.२. दुर्बिणीतून शिवून घ्या म्हणतात. दहा वर्षांनी काय स्थिती असते? न शिवता चालेल का?

प्रतिसाद १
दुखणं थांबणं वेगळं आणि टेंडन हाडाला चिकटून राहणं वेगळं. ब्रिटनच्या यूकेयूएफएफ चाचणीत दोन वर्षांनी उघडी आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया सारखीच ठरली. स्कॅनमध्ये सुमारे ४० टक्के खांद्यांत शिवलेलं पुन्हा सुटलेलं दिसलं, तरी ते रुग्णही आधीपेक्षा बरे होते. ज्यांचं जुळलं ते अर्थातच जास्त बरे.

तुमच्या आईला जवळची चाचणी नॉर्वेची. ३ सेंटिमीटरपर्यंत फाटलेले १०३ रुग्ण, निम्म्यांना शस्त्रक्रिया, निम्म्यांना फिजिओथेरपी. पाच वर्षांनी खांद्याचं दुखणं, हालचाल, ताकद यांच्या १०० पैकी गुणांत (कॉन्स्टंट स्कोअर) फरक जेमतेम ५ होता, दहा वर्षांनी तो १० च्या घरात गेला, शस्त्रक्रियेच्या बाजूने. फिजिओच्या ५१ पैकी १४ जणांना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. म्हणजे बहुतेकांचं व्यायामावर भागतं, पण न शिवलेली फट काहींत रुंदावत जाते आणि स्नायूत चरबी भरते. ती चरबी नंतर शिवूनही परत जात नाही. ग्रेड १ म्हणजे आत्ता चरबीच्या नुसत्या रेघा आहेत, ३ नंतर टेंडन जुळणं अवघड. थांबायचं ठरवलंत तर दर ६ ते १२ महिन्यांनी सोनोग्राफी कराच.

प्रतिसाद २
आधी साखर. ८.२ वर घाई नको. साखर चढी असली की टेंडन नीट जुळत नाही आणि खांदाही आखडतो. मिश्री लावत असतील तर ती बंद, निकोटीन तेच. खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं असेल तर सर्जनना तारीख सांगा. महिन्याच्या आत शस्त्रक्रिया केली तर संसर्गाचा धोका वाढतो.

शिवलेलं सुटतं ते बहुधा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. दोरा सहसा तुटत नाही. जीर्ण साडीचा काठ शिवला की टाका शाबूत राहतो आणि कापड टाक्याशी उसवतं, तसं होतं. म्हणून सहा आठवडे हात गळ्यातल्या पट्ट्यात. बोटं, मनगट, कोपर मात्र पहिल्या दिवसापासून हलवायचं. स्वतःच्या ताकदीने हात उचलणं सहा आठवड्यांनंतर, रबरबँडचे व्यायाम बारा आठवड्यांनंतर, भरलेली बादली सहा महिन्यांनी. सर्जनचं वेळापत्रक वेगळं असेल तर तेच पाळा. घात होतो पाचव्या-सहाव्या आठवड्यात: दुखणं गेलेलं असतं आणि फळीवरचा डबा काढायला हात आपसूक वर जातो. डबे आधीच ओट्यावर आणून ठेवा.

झोपताना पाठीला तीन उश्या आणि कोपराखाली टॉवेलची घडी, म्हणजे कोपर मागे पडत नाही. पुढून बटणांचा गाऊन घ्या. घालताना शस्त्रक्रियेचा हात आधी, काढताना शेवटी.

धागाकर्ता
वर्षभराने सोनोग्राफीत पुन्हा सुटलेलं दिसलं तर?

प्रतिसाद १
दुखत नसेल आणि हात वर जात असेल तर नुसत्या रिपोर्टसाठी पुन्हा शिवू नका. ताकद घटत चालली किंवा हात वर जाईनासा झाला, तर मात्र लगेच दाखवा. शिवण्यापलीकडे गेलेल्या खांद्याला, त्यात झीजही असेल तर, या वयात बहुधा रिव्हर्स सांधारोपण (गोळा आणि वाटी यांची जागा उलटवून बसवलेला कृत्रिम सांधा) सुचवतात.