वेट बेल्टने कंबर धरते, रबर बेल्ट घेऊ की व्हेस्ट?

खडपा:
नमस्कार मंडळी. स्पिअरफिशिंग करतो, म्हणजे पाण्याखाली बुडी मारून गनने भाला सोडून मासे मारतो, दम रोखूनच, हवेची टाकी वगैरे नाही. प्रॉब्लेम असा की पाण्यात तास-दीड तास झाला की माकडहाडाच्या जरा वर धरल्यासारखं व्हायला लागतं, बाहेर आलो की सरळ उभं राहवत नाही आणि दुसऱ्या दिवशी बुटाची लेस बांधायची म्हणजे शिक्षाच. सूट निओप्रीनचा (फोमसारखं रबर) ५ मिमी, दोन पीस, जुना आहे, मित्राकडून घेतलेला. बेल्ट नायलॉनचा, त्यावर सूटमुळे तरंगू नये म्हणून ८ किलो शिसं, २-२ किलोचे चार ठोकळे. खोली फार नाही, ६-८ मीटर. माझं वजन ७० च्या आसपास. बजेट कमी आहे, एकच वस्तू घेऊ शकतो आणि तीही स्वस्तातली. रबरचा बेल्ट की वेट व्हेस्ट (शिसं भरायचं जाकीट)? प्लीज वापरणाऱ्यांनीच सांगा.

दमसास:
रबर. डोळे झाकून रबर. नायलॉन ताणला जात नाही, खाली गेलं की सूट दबतो, बेल्ट सैल होतो आणि डोकं खाली असल्यामुळे सरळ बरगड्यांकडे घसरतो, म्हणून मग आपण वरच्या वर तो आवळून कंबरेच्या खोबणीत बसवतो आणि तिथेच घात होतो. रबर ताणून घातला की सूट दबला तरी तो पण आवळत जातो, जागा सोडत नाही. आणि तो हिपच्या हाडावर घालायचा, कंबरेवर नाही. हाडावर!!

लाटकरी:
व्हेस्ट घे रे, बेल्टच्या भानगडीत पडू नकोस. माझा व्हेस्ट चांगल्यातला आहे, शिसं पाठीवर सपाट बसतं, घातलाय हेच विसरायला होतं. सोबत कार्बन फिन (पायात घालायचे लांब पर) घेतल्या, त्यानेही जबरदस्त फरक पडला, पाय मारायला जोर कमी लागतो म्हणजे कंबरेवर ताण कमी. जमलं तर दोन्ही घे.

खडपा:
अहो कार्बन फिन कुठून आणू, एकच वस्तू म्हटलंय वर 😅

लाटकरी:
एकदाच घ्यायचं पण चांगलं घ्यायचं. स्वस्त घेणारा दोनदा घेतो.

शिसेकाका:
आधी का दुखतं ते समजून घे बाळा, खरेदी नंतर. पृष्ठभागावर तू पालथा तरंगतोस, फुप्फुसात हवा म्हणून छाती वर, शिसं सगळं कंबरेला म्हणून ती खाली, मधला मणका धनुष्यासारखा वाकतो आणि तू तासभर तसाच. त्यात नवीन मुलं पुढचं बघायला मान वर काढून पोहतात, म्हणजे बाक अजून वाढला. मान खाली ठेव, नजर सरळ तळाकडे, पोट किंचित आत. फुकट आहे हे. दुसरं, ते २ किलोचे ठोकळे काढ आणि १-१ किलोचे चपटे लाव, हिपच्या दोन्ही बाजूंना वाटून. मणक्यावर बरोबर मधोमध एकही नको. आमच्या वेळी हे सांगायला कोणी नव्हतं.

दमसास:
काकांशी सहमत. पण लाटकरी, व्हेस्ट घे म्हणून सरसकट सांगताय ते धोक्याचं आहे. बेल्टचं बकल एका हाताने ओढलं की शिसं तळाला आणि माणूस वर. व्हेस्ट अंगातून काढणार कसा, दम संपत आलेला असताना?

लाटकरी:
माझ्या व्हेस्टला क्विक रिलीज आहे. सगळे व्हेस्ट सारखे नसतात.

दमसास:
हातमोजे घालून, अंधुक पाण्यात, घाबरलेले असताना एकदा करून बघा मग बोलू.

लाटकरी:
केलंय. आणि मी सगळं वजन व्हेस्टमध्ये घाल असं म्हटलेलंच नाही. २-३ किलो व्हेस्टमध्ये, उरलेलं बेल्टवर, आणि बेल्ट टाकला की माणूस आपोआप वर तरंगला पाहिजे इतकं तरी बेल्टवर ठेवायचंच. हे काय मला माहीत नाही होय?

दमसास:
मग पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना.

निवांत_मासा:
माझी कंबर पाण्यात नाही, बोटीत चढताना गेली. बोटवाल्याला घाई, "चल वर, चल वर", मी बेल्टसकट शिडीला लटकलो आणि तिसऱ्या पायरीवर असं काही चमकलं की पुढचा आठवडा आडवाच होतो. त्याने साधं सॉरी पण म्हटलं नाही, उलट मासे माझे किती आणि त्याचे किती यावर हुज्जत. आता पाण्यातच बेल्ट काढून आधी वर देतो, मग गन, मग मी. बोट बदलली ते वेगळंच.

अजून एक, फ्लोटची (वर तरंगणाऱ्या खुणेच्या बोयाची) दोरी कुठे बांधतोस? बेल्टला मागून अडकवली असेल तर वारा आणि पाण्याला ओढ असताना तो फ्लोट तुझी कंबर सतत मागे खेचत असतो. गनला बांध.

खडपा:
बेल्टलाच बांधतो 😐 मागे, मधोमध.

कोरडा_पाय:
शिसं उघडं आहे की कोटिंगवालं? उघडं हाताळून तसंच कोणी तोंडात हात घालू नका, शिसं विषारी असतं. कंबरेचं माहीत नाही पण हे महत्त्वाचं आहे.

शिसेकाका:
आयुष्य गेलं शिसं हाताळण्यात, आम्हाला काही झालं नाही.

कोरडा_पाय:
काका, हे काय आर्ग्युमेंट झालं? हात धुवायला काय जातंय?

सरळ_कणा:
विषयावर येऊ का? मी फिजिओ आहे, स्वतः फक्त स्नॉर्कलिंग करते. न तपासता निदान करणार नाही, पण वजनाने आणि फिनने दुखणाऱ्यांमध्ये पोटाचे स्नायू आणि नितंब कच्चे आणि मांडीच्या पुढचा भाग आखडलेला असं खूपदा दिसतं. प्लँक, ग्लूट ब्रिज, बर्ड डॉग आणि हिप फ्लेक्सर स्ट्रेच, थोडं थोडं पण रोज. पाण्यात जायच्या आधी पेनकिलर घेऊन जाऊ नका, दुखणं झाकलं जातं आणि ताण वाढतच राहतो. दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, पायात जोर कमी वाटत असेल तर बेल्ट-व्हेस्ट राहू दे, डॉक्टर गाठा. आणि जांघेत बधिरपणा किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी, तासाभरात.

लाटकरी:
व्यायाम सगळे सांगतात, करतं कोण 😂

तळ_ठाव:
मला कळत नाही, इतक्या पोस्ट झाल्या आणि ८ किलो कशाला लागतात हे कोणीच विचारलं नाही. ५ मिमी सूट, तोही जुना. निओप्रीनमधले हवेचे बुडबुडे वापरून वापरून दबतात, जुना सूट नव्याइतका तरंगत नाही, म्हणजे त्याला शिसंही कमी लागतं. मित्र ८ लावत होता म्हणून तू ८ लावतोस ना? टेस्ट कर. पृष्ठभागावर उभा तरंग, पाय हलवायचे नाहीत, नेहमीसारखा श्वास सोडून दे. तरीही तरंगायला पाहिजेस. बुडायला लागलास तर शिसं जास्त आहे. १० मीटरवर दाब वरच्या दुप्पट होतो, सूट आणि फुप्फुसं दोन्ही दबतात, म्हणजे वर जड असलेला माणूस खाली दगडच होतो आणि येताना प्रत्येक किकला कंबर भरडते. शिवाय ब्लॅकआउट (दम संपून शुद्ध हरपणं) बहुतेक वेळा वर येताना शेवटच्या टप्प्यात किंवा वर आल्यावर होतो, तेव्हा जड माणूस परत खाली जातो. कंबर त्यामानाने किरकोळ आहे. एकटा जात असशील तर तेही बंद कर. १-१ किलो काढत जा आणि प्रत्येक वेळी टेस्ट कर, जोडीदार शेजारी ठेवून.

दमसास:
हो हेच म्हणणार होतो. पण रबर बेल्ट लागेलच.

ओहोटी_भरती:
पूर्ण धागा वाचला नाही, पण बेल्ट कंबरेवर न घालता हिपच्या हाडावर घालून बघा. आणि रबर घ्या. माझा उन्हात वाळवून वाळवून तडकला, तेवढं सांभाळा, गोड्या पाण्यात धुवून सावलीत ठेवायचा.

खडपा:
सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. तळ_ठाव, तुमची टेस्ट केली, भाऊ सोबत होता. श्वास सोडला आणि नाकापर्यंत आत, मग पूर्णच खाली. शेवटी ६ वर तरंगलो. डकडाइव्हला (डोकं खाली करून बुडी मारताना) पहिले दोन मीटर जरा जोर लावावा लागतो पण वर येताना एकदम हलकं. दोरी गनला बांधली, बोटीत चढताना बेल्ट आधी वर दिला. अजून दुखतं पण लेस बांधता येते. सरळ_कणा ताई, मुंग्या वगैरे काही नाहीत, प्लँक सुरू केलाय.

खरेदीचं म्हणाल तर बेल्ट पण नाही आणि व्हेस्ट पण नाही. एकाकडे ७ मिमीचा सूट मिळाला, जवळपास न वापरलेला, मापात बसला, बजेटच्या थोडा वर गेलो पण घेऊन टाकला. मला वाटतं गारठ्यानेच कंबर आखडत असणार.

तळ_ठाव:
अरे, न वापरलेल्या ७ मिमीला आताच्या ६ वर आणखी शिसं लागणार की. ८ च्याही वर जाशील. सगळं पहिल्यापासून.

खडपा:
हो का? किती लागेल अंदाजे?

लाटकरी:
आता तर व्हेस्ट घ्यावाच लागणार 😁

दमसास:
रबर.